तुम्ही विचारलंत म्हणून : 'हॅकर' हा शब्द मी का सोडत नाही

"एवढं सगळं झाल्यावरही तुम्ही स्वतःला हॅकर का म्हणवता?"

हा प्रश्न मला नणंदेनं विचारला आहे, जुन्या ऑफिसातल्या दोघांनी विचारला आहे, व्याख्यानाला बोलावणाऱ्या एका प्राध्यापकांनी फोनवर अदबीनं विचारला आहे ("पत्रिकेत 'सायबर सुरक्षा तज्ज्ञ' छापलं तर चालेल ना मॅडम?"), आणि गेल्या महिन्यात मुलीच्या मैत्रिणीच्या आईनं शाळेच्या फाटकाशी विचारला. कुणाच्याच मनात वाईट काही नसतं. हा शब्द टाकून दिला की मी सुटेन, असं त्यांना मनापासून वाटतं.

"एवढं सगळं" म्हणजे काय, ते यातल्या बहुतेकांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी दोन ओळी : २०१७ साली एका पॅथॉलॉजी लॅबच्या वेबसाइटमधून रुग्णांची माहिती कुणालाही दिसते आहे, हे मी त्या लॅबला कळवलं. त्यांनी पोलिसांत तक्रार केली, माझ्याविरुद्ध. लॅपटॉप सात महिने जमा होता. नोकरी गेली. शेवटी माफीनामा लिहून दिला आणि प्रकरण मिटलं.

आजवर मी या प्रश्नाला तुटक उत्तरं दिली. घरी आल्यावर प्रत्येक वेळी वाटलं की खरं ते राहूनच गेलं. म्हणून आता सगळं लिहिते आहे. यात एक गोष्ट अशी आहे की जी मी नवरा आणि अप्पा सोडून कुणाला सांगितलेली नाही.

तुमच्या मनात काय असतं ते मला कळतं. पुण्यात हॅकर म्हटलं की कॉसमॉस बँक. ऑगस्ट २०१८, ११ तारखेचा शनिवार : बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत राहिले, आणि १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात गेली. मिळून ९४ कोटींच्या वर. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर दुसरा विषय नव्हता आणि मी लिफ्टमध्ये शिरले की तो विषय थांबत होता. माझं प्रकरण आदल्या वर्षीचं, पैशाशी काडीचाही संबंध नसलेलं. पण लोकांनी दोन्ही एकाच कप्प्यात टाकलं. त्या चोरांची आणि माझी जात एक नाही, हे मी आजही तितक्याच जोरात सांगेन.

पूर्वी अशा वेळी मी इतिहास सांगायचे. माझ्याकडे त्याच्या स्लाइड्सही होत्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात, बिल्डिंग २० नावाच्या एका जुनाट लाकडी इमारतीत, 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' होता. वर खेळण्यातल्या आगगाड्या धावायच्या आणि फळीखाली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरायचे ते रिले, स्विच, वायरींचं जंगल. त्या जंगलात एखाद्यानं डोकं लढवून काही वेगळं जोडून दाखवलं की त्याला ती पोरं 'हॅक' म्हणायची. हीच पोरं मग रात्री-बेरात्री टीएक्स-० आणि पीडीपी-१ या संगणकांपाशी जाऊन बसली. १९६२ मध्ये 'स्पेसवॉर' हा खेळ त्यांच्यातूनच आला. पुढे रिचर्ड स्टॉलमन, त्यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प, आणि आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात असलेलं लिनक्स. शेवटच्या स्लाइडवर लिहिलेलं असायचं : जोडतो तो हॅकर, फोडतो तो क्रॅकर. टाळ्या पडायच्या.

ते व्याख्यान मी आता देत नाही. त्यातली प्रत्येक ओळ खरी आहे, पण त्या ओळी मी निवडून घेतल्या होत्या. एमआयटीच्या विद्यार्थ्यांचं 'द टेक' नावाचं वृत्तपत्र आहे. हॅकर हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळपास जिथं पहिल्यांदा छापलेला सापडतो, अशा जुन्यात जुन्या जागांपैकी एक म्हणजे त्याचा २० नोव्हेंबर १९६३ चा अंक. बातमी टेलिफोनची आहे. हॅकर मंडळींनी एमआयटी आणि हार्वर्डमधल्या सगळ्या लाइनी अडवून ठेवल्या, दूरच्या कॉलचं बिल एका रडार केंद्राच्या माथी मारलं, आणि पीडीपी-१ संगणकच टेलिफोनला जोडून बाहेरची लाइन सापडेपर्यंत एकेक नंबर तपासत बसवला. म्हणजे हा शब्द छापून आला तोच मुळी कागाळीत. पीडीपी-१ तोच, ज्याचा फोटो माझ्या तिसऱ्या स्लाइडवर होता. माणसंही त्याच गोतावळ्यातली. आधी शब्द शुद्ध होता आणि मग वर्तमानपत्रांनी तो बाटवला, ही माझी कहाणी मला स्वतःला सोयीची होती. तो पहिल्यापासून असाच होता.

हे मला लहानपणीच कळायला हवं होतं.

अप्पा टेलिफोन खात्यात होते, सांगलीला. घरात फोनपेक्षा फोनचे सुटे भाग जास्त. समोर वकीलकाकांकडे काळा, गोल तबकडीचा फोन होता आणि त्या तबकडीला छोटं कुलूप. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्यांना ते कुलूप आठवत असेल. शेजारीपाजारी येऊन कॉल करतात म्हणून लोक ते लावायचे. मी दहा वर्षांची असेन. अप्पांनी एकदा जेवताना सांगितलं होतं की तबकडी फिरवून सोडली की ती परत येताना लाइन तुटते आणि जुळते. तीन आकडा फिरवला तर तीनदा, शून्याला दहादा. एक्स्चेंजला तबकडी दिसत नाही, त्याला फक्त तुटणं मोजता येतं. मी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वकीलकाकांकडे कुणी नसताना रिसीव्हर उचलून खालची खुंटी टकटक दाबत मैत्रिणीचा नंबर लावला. कुलूप जागच्या जागी. पलीकडून मैत्रिणीच्या आईचा "हॅलो" आला तेव्हा अंगावर जो काटा आला तो मी अजून विसरलेले नाही. त्या क्षणासाठी मी पुढे सगळं आयुष्य या धंद्यात काढलं असं म्हटलं तरी चालेल.

अप्पांना कळलं. त्यांनी आधी माझ्याकडून सगळं नीट वदवून घेतलं, किती वेगानं दाबलं, मध्ये किती थांबले. मग एका कॉलचे पैसे हातात ठेवून मला काकांकडे पाठवलं, स्वतःच्या तोंडानं सांगायला. काका रागावले नाहीत, उलट पुन्हा करून दाखव म्हणाले. त्या दिवशी अप्पांना माझा अभिमान वाटला होता की लाज, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी त्यांना विचारलंही होतं. म्हणाले, "दोन्ही. एकदमच."

मोठी झाल्यावर अमेरिकेतल्या फोन फ्रीक, म्हणजे टेलिफोनच्या यंत्रणेशी खेळणाऱ्या, मंडळींबद्दल वाचलं. जो एंग्रेसिया हा जन्मांध मुलगा लहानपणीच शीळ घालून लांब पल्ल्याची लाइन मोकळी करायचा, कारण टेलिफोन कंपनीची यंत्रणा २६०० हर्ट्झचा सूर ऐकला की लाइन रिकामी झाली असं समजायची. कंपनीनं माणसांचं बोलणं आणि यंत्रांच्या आज्ञा एकाच तारेवरून सोडल्या होत्या. मग जो बोलू शकतो तो आज्ञाही देऊ शकतो. वकीलकाकांच्या फोनचं तेच होतं. कुलूप तबकडीला होतं आणि लाइन उघडीच होती. मी पुढे ज्या शेकडो वेबसाइट तपासल्या त्यातल्या निम्म्या रोगांचं मूळ हेच : कुलूप दिसतं तिथं लावलेलं असतं.

लॅबचंही तेच होतं. आता ते सांगते.

मार्च २०१७. अप्पा आमच्याकडे पुण्याला होते, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तपासायला रक्त दिलं होतं. रात्री अकराच्या सुमारास एसएमएस आला : तुमचा रिपोर्ट तयार आहे, आणि खाली लिंक. लिंकच्या शेवटी सहा आकडी नंबर. ओटीपी नाही, पासवर्ड नाही, जन्मतारीखही विचारलेली नाही. माझ्या धंद्यात याला आयडॉर म्हणतात; सोप्या भाषेत, नंबर हीच किल्ली आणि किल्ल्या ओळीनं टांगलेल्या. मी शेवटचा आकडा एकनं वाढवला. विचार करून केलं असं खोटं सांगणार नाही. हात आपोआप गेला. दुसऱ्या एका माणसाचं नाव, वय, मोबाइल नंबर आणि खाली 'रिपोर्ट डाउनलोड करा' असं बटण.

इथं थांबायला हवं होतं. पुरावा झाला होता. पण एकच नोंद चुकून उघडी राहिली असेल, कदाचित, म्हणून मी आणखी एक नंबर पाहिला. मग आणखी तीन, जरा लांबलांबचे, नव्या-जुन्या सगळ्याच नोंदी उघड्या आहेत का ते बघायला. इथपर्यंतचं मी कुणाही पुढं समर्थन करू शकते आणि केलेलं आहे. प्रत्येक वेळी मी नावाच्या पानावरच थांबले, बटण दाबलं नाही.

सहाव्या नंबरावर ओळखीचं नाव होतं.

मी बटण दाबलं.

ती बाई कोण, तपासणी कसली, हे मी लिहिणार नाही. तुम्ही अंदाज बांधू नका, मी सगळ्या खुणा पुसून लिहिते आहे. एवढंच सांगते की त्या कागदावर जे होतं ते तिनं कुणालाही सांगितलेलं नव्हतं, आणि तो उघडण्यात वेबसाइट तपासण्याचा काहीएक भाग नव्हता. यंत्र कसं चालतं ते मला आधीच कळलेलं होतं. ती मला बघायची होती. अर्ध्या मिनिटात खिडकी बंद केली आणि फाइल पुसून टाकली, जणू पुसल्यानं काही होतं.

मग मी जास्तच कडक होऊन लॅबला मेल लिहिला. तो मेल माझ्याकडे आहे, मध्ये एकदा काढून वाचला. त्यातली तेव्हाची मी मला आवडत नाही. विषयाच्या ओळीत 'अत्यंत गंभीर', आत तांत्रिक शब्दांची रास, आणि शेवटी : ३० दिवसांत दुरुस्ती न झाल्यास हा दोष सार्वजनिक करण्यात येईल. आमच्या जगात ही ओळ म्हणजे रीत आहे. ती कुठून आली तेही सांगते, कारण हे कुणी विचारतच नाही. १९८० आणि ९० च्या दशकात दोष कळवला की कंपन्या तो दाबून बसायच्या, वर्षंच्या वर्षं. त्याला वैतागून १९९३ मध्ये बगट्रॅक सुरू झालं, दोष उघडपणे मांडायची जागा. मग मधला मार्ग निघाला : आधी कंपनीला खासगीत सांगा, मुदत द्या, मुदत संपली की लोकांना सांगा. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या दोष शोधणाऱ्या गटानं २०१४ पासून ९० दिवसांचा नियम धरला. माझ्या मते मी ३० दिवस देऊन शहाण्यासारखं वागले होते. पण लॅब चालवणाऱ्या, साठीच्या पुढच्या डॉक्टरांनी ती ओळ वाचली तेव्हा त्यांना त्यात काय दिसलं असेल? एक अनोळखी बाई म्हणते आहे की तुमच्या पेशंटची माहिती माझ्याकडे आहे, महिन्याभरात ऐकलं नाहीत तर गावभर करीन.

नऊ दिवस उत्तर नाही. मी दुसरा मेल टाकला. अकराव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, किती पाहिजेत?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी जे बोलले ते बोलायला नको होतं. बग बाउंटी, म्हणजे दोष कळवल्याचं बक्षीस, हा शब्द मी उच्चारलाही नव्हता, एक रुपया मागितला नव्हता, आणि तरी मी खंडणीखोर? मी आवाज चढवला. पलीकडचा आवाज थरथरत होता हे मला आज आठवतं. त्या वेळी तो मला उर्मट वाटला होता.

चार दिवसांनी पोलिसांचा फोन. "चौकशीला या, सोबत लॅपटॉप आणा." नवरा बरोबर आला. सकाळी साडेदहाला गेलो आणि संध्याकाळी सातला बाहेर पडलो. बाहेरच्या बाकावर बसून तो मला हरिप्रसादांची आठवण करून देत होता, म्हणजे हैदराबादचे हरिप्रसाद वेमुरू. २०१० मध्ये त्यांनी दोन परदेशी संशोधकांबरोबर मतदान यंत्र उघडून त्यात काय काय करता येतं ते दाखवलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी त्यांना हैदराबादच्या घरातून नेलं. यंत्र मुंबईहून चोरीला गेलेलं आहे असं म्हणणं होतं, आणि ते कुणी दिलं हे सांगायला त्यांनी नकार दिला होता. आठवड्याभरात जामीन मिळाला. "बघ, ते तरी गप्प राहिले," नवरा म्हणाला. त्याला मला धीर द्यायचा होता. माझ्या पोटात तेव्हा वेगळंच कालवत होतं.

आत एक अधिकारी, पस्तिशीचे असतील. ओरडले नाहीत. चहा मागवला. पहिलाच प्रश्न :

"मॅडम, तुम्ही हॅकर आहात का?"

"नाही," मी म्हणाले. "मी इन्फर्मेशन सिक्युरिटी कन्सल्टंट आहे." आणि पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

वीस वर्षं मी ज्या शब्दाची व्याख्यानं दिली, ज्याच्या शेवटच्या स्लाइडवर टाळ्या घेतल्या, तो शब्द पहिल्याच प्रश्नाला मी टाकून दिला. तो कागदावर लिहिला गेला. मग त्यांनी विचारलं, किती रिपोर्ट उघडले? मी म्हणाले, "एकही नाही. फक्त नावाची पानं पाहिली, तीही दोष पडताळायला." तेही लिहिलं गेलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून लॅबच्या सर्व्हरच्या लॉगचं, म्हणजे कुणी काय उघडलं त्या नोंदींचं, प्रिंटआउट काढलं. पाच ओळी साध्या. सहावी पिवळ्या हायलायटरनं रंगवलेली : डाउनलोड, ८४ केबी.

"मग हा कुणाचा, मॅडम?"

मी बराच वेळ काही बोलले नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला आठवतो आणि त्यांच्या चहाच्या कपावरची साय. शेवटी म्हणाले, "चुकून दाबलं गेलं." ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी तेही लिहून घेतलं. त्यांना खरं वाटलं नाही, आणि मलाही ते कळलं.

लॅपटॉप 'स्वखुशीनं जमा करत आहे' असं माझ्याच हातानं लिहून घेतलं. एफआयआर झाला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ आणि ६६ कलम त्यांनी वाचून दाखवलं : मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा लबाडीनं केलं असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या कंपनीनं 'काही दिवस घरी राहा' असं सांगितलं आणि दोन महिन्यांनी राजीनामा मागून घेतला. लॅबची लिंक मात्र मी चौकशीला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बंद झाली होती, आणि आठवड्यात ओटीपी आला. हे मी माझ्या बाजूनं नेहमी सांगते. हजारो माणसांचे कागद झाकले गेले, ते माझ्यामुळे.

आणि ते खरंच आहे. मला कुणी दोष दिला की मी याच वाक्यामागे जाऊन उभी राहते.

त्या सात महिन्यांत लॅपटॉप नसताना मी रॉबर्ट मॉरिसबद्दल पुन्हा वाचलं. २ नोव्हेंबर १९८८ ला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला, तोही एमआयटीच्या यंत्रावरून, म्हणजे माग त्याच्यापर्यंत येऊ नये म्हणून. नेटवर्कची सुरक्षा किती तोकडी आहे ते त्याला दाखवायचं होतं. प्रोग्रॅम प्रत्येक संगणकाला विचारायचा, तुझ्यात आधीच माझी प्रत आहे का? 'हो' म्हणाला तर पुढे जायचं. पण कुणी खोटंच 'हो' म्हणून त्याला थोपवू नये म्हणून मॉरिसनं एक सोय करून ठेवली : 'हो' उत्तर आलं तरी दर सातव्या वेळी प्रत बनवायचीच. तो सात आकडा फार लहान पडला. प्रतींवर प्रती चढत देशभरची यंत्रं गुदमरली. घाबरून त्यानं मित्राकरवी प्रोग्रॅम कसा मारायचा याचा निनावी संदेश पाठवला, पण नेटवर्कच तुंबलं होतं, संदेश वेळेत पोचला नाही. त्याला तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला.

आधी मी ही गोष्ट मॉरिसच्या बाजूनं सांगायचे. हुशार पोरगा, एक आकडा चुकला. आता मला ती तशी सांगता येत नाही, आणि त्याच्या विरुद्धही सांगता येत नाही. दोष दाखवायचा होता हे खरं. आपण सोडलेली गोष्ट कुठवर जाते ते बघायची हौस होती, असं मला वाटतं, तेही खरं. यातलं एक काढून घेतलं तर दुसरं उरत नाही. ज्या हातानं मी पहिला आकडा बदलला त्याच हातानं सहावं बटण दाबलं. पहिल्याचं नाव संशोधन आणि सहाव्याचं नाव चूक, अशी वाटणी मी बराच काळ करून पाहिली. जमली नाही.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही सुचवता ते शब्द मी पोलिसांच्या टेबलावर वापरून पाहिले आहेत. सिक्युरिटी कन्सल्टंट. संशोधक. तज्ज्ञ. आणि 'एथिकल हॅकर', जो मला सगळ्यात खटकतो, कारण नीती आधीच नावात घालून ठेवली की ती रोज तपासायचं काम उरत नाही. या शब्दांच्या आत ती पिवळी ओळ मावत नाही. 'हॅकर'मध्ये मावते. १९६३ पासून मावते आहे, आगगाडीचे रिले जोडणाऱ्या पोरांबरोबर रडार केंद्राच्या माथी मारलेलं बिलही त्यात आहे. मला कुणी हॅकर म्हटलं की मी सावध होते. कन्सल्टंट म्हटलं की नाही होत.

एक गंमतीची नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट कायद्यात आहे. २००० सालच्या मूळ कायद्यात ६६ व्या कलमाचं नावच 'हॅकिंग' होतं. २००८ ची दुरुस्ती ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली तेव्हा ते नाव गेलं आणि 'संगणकविषयक गुन्हे' असं आलं. म्हणजे सरकारनं हा शब्द गुन्ह्यावरून उतरवला. लोकांनी उतरवला नाही. उलट जे हवं होतं ते झालंच नाही. चांगल्या हेतूनं दोष शोधून कळवणाऱ्याला संरक्षण देणारं स्पष्ट कलम आपल्याकडे नाही. नेदरलँड्सनं २०१३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अमेरिकेच्या न्याय खात्यानं मे २०२२ मध्ये सांगितलं की अशा संशोधनावर खटले भरायचे नाहीत. बेल्जियमनं कायदाच केला, तो २०२३ मध्ये लागू झाला. हे आपल्याकडे व्हायला हवं, आणि जिथं बोलावतील तिथं मी हे बोलत राहणार. आज एखाद्या विशीतल्या मुलानं सरकारी पोर्टलमधलं भोक पाहिलं तर मी त्याला काय सांगू? सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळव म्हणून सांगते, स्वतःच्या नावानं कंपनीला मुदतबिदत देऊ नकोस म्हणते, आणि दोष पटण्यापुरतं एकदाच बघ, दुसऱ्यांदा नको, हेही. मग वाटतं, आपण त्याला भित्रा करतो आहोत का.

पण बेल्जियमचा कायदाही माझ्या कामी आला नसता. त्यात अट आहे की दोष सिद्ध करायला लागतं त्याच्यापुढे जायचं नाही. पाच नंबरांपर्यंत मी कदाचित वाचले असते.

माफीनाम्यात काय लिहायचं ते लॅबच्या वकिलांनी ठरवून दिलं होतं. 'अनधिकृतपणे प्रवेश केल्याबद्दल दिलगीर आहे.' मी सही करताना रडले, आणि घरच्यांना वाटलं की अन्याय झाला म्हणून रडते आहे. तेही होतंच. दोष कळवणाऱ्यानं माफी मागायची आणि हजारो रुग्णांचे कागद उघडे टाकणाऱ्यांनी कुणाचीच मागायची नाही, याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि जाऊही नये. त्या रुग्णांना आजतागायत कुणी कळवलेलं नाही की तुमचे रिपोर्ट उघडे होते. लॅबनं नाही, पोलिसांनी नाही.

मीही नाही.

त्या रात्री अप्पांना सगळं सांगितलं. पोलिसांना सांगितलं नव्हतं तेही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "पाच कळले. सहावा कशाला?" मी म्हणाले, माहीत नाही. "माहीत आहे तुला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तिला सांगून ये."

वकीलकाकांकडे जाताना त्यांनी हातात पैसे दिले होते. इथं काय घेऊन जायचं ते त्यांनाही सुचलं नाही.

मी गेलेले नाही, असं इतकी वर्षं चाललं होतं. सांगितल्यानं तिला काय मिळणार, एक भीतीच ना, असा एक युक्तिवाद माझ्याकडे आहे. तो चांगला आहे. ज्या दिवशी मला तो पटतो त्या दिवशी मी जात नाही, आणि ज्या दिवशी पटत नाही त्या दिवशी काहीतरी काम निघतं. हे लिहायला घेतल्यावर मात्र ठरवलं, तिनं इथं वाचून ओळखण्याआधी आपल्या तोंडून ऐकायला हवं. गेल्या रविवारी तिच्या दारात उभी राहिले. तिनं आत बोलावलं, चहा टाकला. चहा उकळेपर्यंत ओट्यापाशी उभं राहून तिनं अप्पांची चौकशी केली. "आता क्रिएटिनिन किती आहे त्यांचं?"

"एक पॉइंट आठ," मी सांगितलं.

"म्हणजे आटोक्यात आहे," ती म्हणाली, आणि कपात चहा गाळायला वळली.